पेटंटचं कुंपण नेमकं कुठे घालायचं?

२३ मार्च २०२३. जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनातून, म्हणजे पेटंट कार्यालयातून, एक आदेश निघाला. बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या गोळीवर जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने मागितलेलं एक पेटंट त्यात नाकारलं होतं. ते मंजूर झालं असतं, तर २०२७ पर्यंत ही गोळी भारतात दुसऱ्या कुणाला बनवता आली नसती.

या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत दोन तरुणी होत्या. नंदिता वेंकटेशन मुंबईच्या, फुमेझा टिसिले दक्षिण आफ्रिकेच्या. दोघींना क्षयरोग झाला, दोघी त्यातून वाचल्या, पण उपचारातल्या जुन्या, जहाल औषधांनी दोघींचं ऐकू येणं गेलं. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी दीड-दोन वर्षं उपचार चालत आणि त्यातले कित्येक महिने रोज इंजेक्शन टोचून घ्यावं लागे. बेडाक्विलिनमुळे ती इंजेक्शनं टाळता येऊ लागली. म्हणून ही गोळी स्वस्त व्हावी, असं या दोघींना वाटत होतं.

बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला. कंपनीने शोध लावला ना, मग पेटंट का नाकारलं? आणि असं नाकारत राहिलो, तर उद्या नवे शोध लावणार कोण? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ‘पेटंट हवं की नको’ एवढ्यावरच चर्चा थांबते, तेव्हा मला ती अर्धवट वाटते. शेताला कुंपण असावं की नसावं, यापेक्षा ते कुठून कुठवर घातलंय आणि घालण्याआधी शेजारच्यांना विचारलं होतं का, यावर गावातली भांडणं ठरतात. पेटंटचंही तसंच आहे.

विरजण आणि सातबारा

शेजारीण वाटी घेऊन विरजण मागायला आली, तर आपण चमचाभर देतो. आपलं दही तेवढंच राहतं, तिच्याकडे मात्र पातेलंभर लागतं. ज्ञान या विरजणासारखं असतं. जमिनीचं तसं नाही. एका एकरात एकाच वेळी दोघांना नांगर घालता येत नाही, म्हणून जमिनीला सातबारा लागतो आणि विरजणाला लागत नाही.

पण समजा, ते पहिलं विरजण जमवायला कुणाची दहा वर्षं गेली आणि घर गहाण पडलं. पहिल्याच दिवशी सगळ्या आळीने वाटी वाटी नेलं, तर पुन्हा असा खटाटोप कोण करील? कायद्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे पेटंट. सरकारी मराठीत त्याला ‘एकस्व’ म्हणतात. विरजणालाही ठरावीक वर्षांपुरता सातबारा द्यायचा, अशी ही युक्ती आहे.

हा खरं तर एक करार आहे. संशोधकाने आपला शोध इतका तपशीलवार लिहून द्यायचा, की त्या विषयातला जाणकार ते वाचून तीच वस्तू बनवू शकेल. बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं म्हणतं, की तुझ्या परवानगीशिवाय हे कुणी बनवणार नाही, विकणार नाही, बाहेरून आणणार नाही. मुदत संपली की शोध सगळ्यांचा. ‘पेटंट’ शब्दाच्या मुळाशी ‘उघडं’ असाच अर्थ आहे. आपल्याकडे कितीतरी वैद्यांच्या मात्रा आणि कारागिरांच्या हातोट्या त्यांच्याबरोबरच सरणावर गेल्या. ज्ञान असं गडप होऊ नये, हा या कराराचा अर्धा हेतू आहे. वीस वर्षांच्या मक्तेदारीबद्दल बोलताना आपण तो विसरतो.

एक-दोन गैरसमज इथेच दूर करू. दुकानाचं नाव, बोधचिन्ह हे ट्रेडमार्कमध्ये येतं, पुस्तक आणि गाणं कॉपीराइटमध्ये. पेटंट फक्त शोधाला मिळतं. शिवाय ते देशापुरतं असतं. अमेरिकेत घेतलेलं पेटंट भारतात लागू होत नाही, इथे वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो इथल्या कायद्याने तपासला जातो.

चतुःसीमा कोण तपासतो?

खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा. तसे पेटंट अर्जाच्या शेवटी ‘दावे’ असतात. माझ्या शोधाची हद्द इथपासून इथपर्यंत, हे त्यात शब्दांनी आखलेलं असतं. पेटंटची सगळी लढाई या दाव्यांवर होते. अर्जदाराला हद्द जितकी रुंद मिळेल तितकी हवी असते. गायरानाचा तुकडा त्यात आला तर कुणाला नको असतो! तो येऊ न देणं हे पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाचं काम.

परीक्षक मुख्यतः तीन गोष्टी पाहतो. शोध जगात कुठेही आधी जाहीर झालेला नसावा. त्या विषयातल्या जाणकाराला तो सहज सुचण्यासारखा नसावा. आणि तो प्रत्यक्षात वापरता यावा. तिन्ही कसोट्या कागदावर सोप्या दिसतात. पण परीक्षकासमोर जेवढं येतं तेवढंच त्याला दिसतं.

हळदीचं उदाहरण मराठी घरांत अनेकांना आठवत असेल. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं. ‘आमची आजी लावायची’ एवढं तिथे चालत नाही, छापील किंवा लिखित पुरावा लागतो. संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस संदर्भ गोळा झाले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. पुढे असे पुरावे परदेशी परीक्षकांना शोधता यावेत म्हणून आयुर्वेद, युनानी वगैरे ग्रंथांतल्या ज्ञानाचं डिजिटल भांडार उभं राहिलं.

या गोष्टीकडे आपण अस्मितेचा विजय म्हणून पाहतो. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. परीक्षकाने कुणावर अन्याय करायचा ठरवलं नव्हतं. त्याच्या टेबलावर पुरावाच नव्हता. बाहेरचं कुणी येऊन ‘ही वाट आमच्या वहिवाटीची आहे’ असं सांगेपर्यंत चुकीची हद्द कागदावर पक्की झाली होती.

पुरणपोळी की पुरण शिजवायची रीत?

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे इंग्रजांचा १९११ चा पेटंट कायदाच चालू होता. त्याखाली दिलेली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची होती आणि त्यांतल्या बहुतेक वस्तू इथे बनतही नव्हत्या, असं न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात दाखवून दिलं. मालकाने शेत घेतलं, कुंपण घातलं आणि पेरलंच नाही, अशी ती अवस्था. औषधांच्या किमती मात्र जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडत होत्या.

अय्यंगारांच्या शिफारशींवर बेतलेला नवा कायदा १९७० साली झाला आणि १९७२ पासून अमलात आला. त्यातला एक फरक बारीक, पण फार मोठा होता. पेटंट दोन प्रकारचं असू शकतं. पुरणपोळी या वस्तूवरच पेटंट दिलं, तर ती कुठल्याही रीतीने केली तरी मालकाची परवानगी लागेल. पण पेटंट फक्त पुरण शिजवायच्या एका रीतीवर दिलं, तर दुसऱ्या रीतीने पुरणपोळी करायला सगळे मोकळे. पहिलं झालं उत्पादन पेटंट, दुसरं प्रक्रिया पेटंट. १९७० च्या कायद्याने अन्न आणि औषधांसाठी उत्पादन पेटंट बंद केलं. प्रक्रियेला दिलं, तेही जास्तीत जास्त सात वर्षांसाठी.

यानंतर आपल्या रसायनशास्त्रज्ञांना एक नेमकं काम मिळालं: तीच वस्तू वेगळ्या आणि स्वस्त रीतीने बनवा. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ पासून होताच, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, मुंबई, हैदराबाद आणि अहमदाबादेत खासगी कंपन्या वाढल्या. ‘नक्कल करणारा देश’ असा शिक्का आपल्यावर बसला. पण ज्याने रसायनाच्या भट्टीपुढे काम केलंय त्याला विचारा. सात पायऱ्यांचं संश्लेषण चार पायऱ्यांत बसवणं आणि तरी तितकंच शुद्ध औषध काढणं हाही शोधच आहे.

त्यातला एक प्रसंग मी नेहमी सांगतो. एचआयव्हीवर तीन औषधं एकत्र घ्यावी लागत. ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांची होती आणि प्रत्येकीचं पेटंट वेगळं. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये ही तिन्ही एकाच गोळीत आणली, सकाळ-संध्याकाळ एक एक. भारतात तेव्हा उत्पादन पेटंट नसल्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिप्लाचे युसूफ हमीद यांनी आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी हे तीन औषधांचे उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केले. मूळ कंपन्यांचा खर्च तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे होता.

स्वस्ताईची ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्या एकत्र गोळीकडे मात्र थोडं थांबून पाहा. रुग्णाच्या दृष्टीने ती खरी सुधारणा होती. मूठभर गोळ्यांची वेळापत्रकं सांभाळणं आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तीन मालकांच्या तीन कुंपणांमुळे ही सुधारणा इतरत्र अडली होती. कुंपण नव्हतं तिथे ती झाली.

मग नवं औषध शोधणार कोण?

पेटंटच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. प्रयोगशाळेत चांगले वाटलेले बहुतेक रेणू, म्हणजे औषध होऊ शकतील अशी रसायनं, वाटेतच गळतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहांतलं साधारण एखादंच बाजारात येतं. त्या एकाने बाकी नऊंचा खर्च भरून काढायचा असतो. आणि यशस्वी रेणूची नक्कल मात्र चांगला रसायनशास्त्रज्ञ काही महिन्यांत करू शकतो. औषधांच्या क्षेत्रात पेटंट नसेल, तर खासगी पैसा येणार नाही हे मला मान्य आहे.

आपला स्वतःचा अनुभवही तेच सांगतो. १९७२ ते २००५ या काळात आपण जगाला स्वस्त औषधं पुरवली, पण नवे रेणू शोधण्यात मागे राहिलो. भारतीय कंपनीने इथेच शोधलेलं आणि इथे मान्यता मिळालेलं पहिलं नवं रासायनिक औषध, झायडसचं सारोग्लिटाझार, बाजारात यायला २०१३ उजाडलं.

पण पेटंटवर सगळा भार टाकणाऱ्यांना क्षयरोग एक अवघड प्रश्न विचारतो. १९६० च्या दशकात आलेल्या रिफॅम्पिसिननंतर नव्या जातीचं पहिलं औषध म्हणून बेडाक्विलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१२ मध्ये. मधली चाळीसहून अधिक वर्षं श्रीमंत देशांत पेटंटचे कायदे भक्कम होते. तरी क्षयरोगावर नवं काही का आलं नाही? कारण पेटंट संशोधकाला पैसे देत नाही, किंमत लावायची मुभा देतं. ज्या आजाराचे रुग्ण धारावीत आणि गोवंडीत राहतात, त्यांच्याकडून ती किंमत वसूल होत नाही. म्हणून संशोधन तिकडे वळतच नाही. पेटंट हा पाटाच्या पाण्यासारखा आहे. उतार जिकडे, तिकडे पाणी.

बेडाक्विलिनच्या बाबतीतही चाचण्यांत सरकारी आणि देणगीचा पैसा मोठ्या प्रमाणात होता. त्याच्या जोडीने दिलं जाणारं प्रिटोमॅनिड तर टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेने विकसित केलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधांचा जो सहा महिन्यांचा, इंजेक्शनविरहित उपचार सुचवला, तो पेटंट आणि सार्वजनिक पैसा या दोन्हींच्या बळावर उभा आहे. शोध लावून घेण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. आपल्याकडे संशोधनावरचा एकूण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या एक टक्काही नाही. तो तसाच ठेवून ‘कायदा कडक केला की शोध लागतील’ अशी आशा धरणं मला पटत नाही.

जुन्या घराला नवा रंग

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि तिच्या करारानुसार अतिगरीब देश सोडून बाकी सदस्य देशांना औषधांसह सगळ्या क्षेत्रांत २० वर्षांचं उत्पादन पेटंट देणं भाग पडलं. भारताला दहा वर्षांची सवलत होती. २००५ मध्ये आपण कायदा बदलला, पण संसदेने त्यात एक कलम घट्ट बसवलं: ३(ड).

ते कशासाठी, हे भाडेपट्ट्याच्या उदाहरणाने समजेल. वीस वर्षांचा पट्टा संपत आला, की पट्टेदार घराला नवा रंग लावतो आणि म्हणतो, आता हे नवं घर झालं, मला आणखी काही वर्षं द्या. औषधांत असं सर्रास होतं. मूळ रेणूवरचं पेटंट संपायच्या बेताला त्याच रेणूचा नवा क्षार, नवं स्फटिकरूप, नवी मात्रा यांवर वेगळे अर्ज केले जातात. इंग्रजीत याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात, आपण सदाहरित पेटंट म्हणू. ३(ड) सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल, तर तो शोध नाही.

या कलमाची मोठी परीक्षा ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाने घेतली. नोवार्टिस या स्विस कंपनीला त्यातल्या इमॅटिनिब या मूळ औषधद्रव्याच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर पेटंट हवं होतं. हे रूप अधिक स्थिर आहे, ओलावा कमी धरतं आणि मूळ रूपापेक्षा तीस टक्के जास्त शरीरात शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं होतं. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१३ ला निकाल दिला: औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची ताकद. पावडर नीट वाहते, टिकते, हे गुण चांगले असले तरी त्यांनी ती ताकद वाढल्याचं सिद्ध होत नाही. कंपनीचं औषध महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडत होतं, भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत. फरक कुणाच्याही लक्षात यावा इतका मोठा होता.

बेडाक्विलिनचं प्रकरण याच वाटेचं. मूळ रेणूवरचं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणारच होतं. फेटाळलेला अर्ज त्याच्या फ्युमरेट क्षारासाठी होता. औषध गोळीत नीट बसावं म्हणून त्याचा क्षार बनवणं ही औषधशास्त्रातली नेहमीची पायरी आहे. चार वर्षं वाढवून द्यावीत असं त्यात काही नव्हतं. आदेशानंतर लुपिनसारख्या भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्ट २०२३ पर्यंत क्षयरोगाच्या औषधांची जागतिक खरेदी करणाऱ्या यंत्रणेला जॉन्सन अँड जॉन्सनची स्वतःची गोळीही निम्म्याहून कमी दरात मिळू लागली. स्पर्धा दाराशी आली, तेव्हाच तो दर उतरला.

३(ड) वर घेतला जाणारा एक आक्षेप मला रास्त वाटतो. फ्रिज लागणारं औषध कुणी फ्रिजशिवाय टिकेल असं केलं, तर गडचिरोलीच्या आरोग्य उपकेंद्रासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण ‘रोग बरा करण्याची ताकद’ या कसोटीवर ती कदाचित उतरणार नाही. असं काम करणाऱ्याला काहीतरी मिळालं पाहिजे. माझ्या मते त्यासाठी वीस वर्षांची मक्तेदारी हे फार मोठं बक्षीस आहे. सरकारी खरेदीची हमी किंवा रोख अनुदान पुरे.

पाणंद अडवली तर

औषधात एक रेणू म्हणजे साधारण एक वस्तू. बाकीच्या तंत्रज्ञानात तसं नसतं. तिथे प्रत्येक शोध आधीच्या शोधांच्या खांद्यावर उभा असतो आणि कुंपणांचा परिणामही वेगळा होतो.

जेम्स वॅटचंच पाहा. वाफेच्या इंजिनात वाफ थंड करणारा वेगळा कप्पा बसवण्याच्या शोधाचं पेटंट त्याला १७६९ मध्ये मिळालं. १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ते १८०० पर्यंत वाढवलं. त्या पेटंटच्या भरवशावरच मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने पैसे गुंतवले, त्यामुळे इंजिन खरोखर बाजारात आलं. हे श्रेय पेटंटचं. पण त्याच काळात जोनाथन हॉर्नब्लोअरने दोन सिलिंडरचं सुधारित इंजिन बनवलं, तेव्हा वॅट आणि बोल्टन यांनी पेटंटचा बडगा उगारून त्याला रोखलं. १८०० मध्ये मुदत संपली आणि इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत वेगळंच घडलं. तिथले अभियंते १८११ पासून प्रत्येक इंजिन किती कोळशात किती पाणी उपसतं याचे आकडे दरमहा छापून सगळ्यांना वाटू लागले. रिचर्ड ट्रेविथिकने तिथेच पाणी उपसणारं जास्त दाबाचं इंजिन चालवलं, पण त्या इंजिनावर पेटंट घेतलं नाही. पुढच्या काही दशकांत तिथल्या इंजिनांची कार्यक्षमता भराभर वाढली. सुरुवातीला कुंपणाचा उपयोग झाला. ते जितकं लांबलं, तितका पुढच्या माणसाचा रस्ता अडला.

तुमच्या हातातला मोबाइल हे याचं आजचं रूप. त्यात हजारो पेटंटं असतात. मोबाइल मनोऱ्याशी बोलण्याची जी एक ठरलेली भाषा आहे, ती वापरल्याशिवाय फोन चालतच नाही आणि त्या भाषेच्या तुकड्या-तुकड्यांवर वेगवेगळ्या कंपन्यांचा हक्क आहे. स्वतःच्या शेतात जायला वीस जणांच्या बांधावरून जावं लागतं, तशी ही गत. गावात अशा वेळी पाणंद राखतात: हद्द तुमची, पण वाट सगळ्यांना. मोबाइलच्या जगातही तसा संकेत आहे. ठरलेल्या भाषेत आपलं पेटंट घुसवणाऱ्या कंपनीने ते वाजवी दरात, भेदभाव न करता सगळ्यांना द्यायचं. वाजवी म्हणजे किती, यावर मात्र कोर्टात वर्षं जातात. एरिक्सनच्या अशाच दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये भारतीय फोन कंपनी लाव्हाला २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं.

सॉफ्टवेअरबाबत आपला कायदा सावध आहे. निव्वळ संगणक प्रोग्राम, गणिती रीत किंवा व्यवसायाची पद्धत यांना भारतात पेटंट मिळत नाही. मला हे धोरण योग्य वाटतं. या क्षेत्रात दोन-तीन वर्षांत पिढी बदलते. वीस वर्षांचं कुंपण तिथे कुणाच्या कामाचं?

सक्तीचा परवाना म्हणजे लूट नाही का?

पेटंट दिल्यावरही सरकार एक दरवाजा उघडा ठेवतं. पेटंट मिळून तीन वर्षं झाली, तरी लोकांना औषध पुरेसं मिळत नसेल, परवडत नसेल किंवा भारतात त्याचा वापरच होत नसेल, तर दुसऱ्या कंपनीला ते बनवण्याचा परवाना देता येतो. मालकाच्या मर्जीविरुद्ध, पण त्याला मोबदला देऊन. हाच सक्तीचा परवाना.

भारतात तो आजवर एकदाच दिला गेलाय, तोही मुंबईच्या कार्यालयातून. बायर कंपनीचं नेक्साव्हर हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध महिन्याला २,८०,४२८ रुपयांना विकलं जात होतं आणि गरजूंपैकी अगदी थोड्यांपर्यंत पोचत होतं. मार्च २०१२ मध्ये हैदराबादच्या नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकण्याचा परवाना मिळाला. बायरला विक्रीवर आधी सहा आणि पुढे सात टक्के स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) ठरलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय कायम ठेवला.

लूट म्हणावी तर यात मोबदला आहे, सुनावणी आहे आणि अपीलही आहे. धरणासाठी जमीन जाते तेव्हा आपण त्याला भूसंपादन म्हणतो. व्यापार संघटनेचा करारही याला मान्यता देतो आणि २००१ मध्ये दोह्याला झालेल्या तिच्या बैठकीतल्या जाहीरनाम्यात सगळ्या सदस्य देशांनी ते पुन्हा मान्य केलं. माझी तक्रार उलट आहे. इतक्या वर्षांत एकच परवाना, यावरून हा दरवाजा किती जड आहे ते कळतं.

हरकत घेणारी माणसं

आता पुन्हा अँटॉप हिलकडे येऊ. नंदिता आणि फुमेझा यांना हरकत घेता आली, कारण आपल्या कायद्यात एक असाधारण तरतूद आहे. पेटंट मंजूर होण्याआधी ‘कोणतीही व्यक्ती’ त्याला लेखी विरोध करू शकते. प्रतिस्पर्धी कंपनीच हवी असं नाही. रुग्ण, प्राध्यापक, शेतकरी, कुणीही. हळदीच्या वेळी पेटंट मिळाल्यानंतर धावाधाव करावी लागली होती. इथे पुरावा आधीच टेबलावर ठेवता येतो.

कंपन्यांचं म्हणणं असं, की या तरतुदीचा गैरवापर होतो. बनावट नावांनी एकामागून एक हरकती येतात आणि खरा शोध वर्षानुवर्षं लटकतो. असे प्रकार झालेले आहेत, हे नाकारता येत नाही. त्यावर उपाय म्हणून मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वी या हरकतीला शुल्क नव्हतं, आता लागतं. आणि हरकतीत दम आहे का, हे अधिकारी आधी पाहणार, मगच कंपनीला उत्तर द्यायला सांगणार. याच बदलांत आणखी एक गोष्ट फारशी चर्चा न होता गेली. आपलं पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरलं जातंय का, हे पेटंटधारकाने दरवर्षी सांगायचं असे. आता तीन वर्षांतून एकदा सांगितलं तरी चालतं. न पेरलेल्या शेतांची नोंद अय्यंगारांना महत्त्वाची वाटली होती. तीच आता उशिरा होणार.

शुल्क लाखांत नाही. पण पंधरा-वीस औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या एखाद्या रुग्णसंघटनेसाठी ते साचत जातं, आणि पहिल्याच पायरीवर ‘दम नाही’ म्हणून परत पाठवायचा अधिकार कसा वापरला जाईल, यावर बरंच काही अवलंबून आहे.

अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर किमान सहा महिने पेटंट मंजूर करता येत नाही. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. ते कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. मुंबई कार्यालयाकडे आलेले अर्जही त्यात असतात: महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ज्याला रसायन कळतं, यंत्र कळतं किंवा आपल्या भागातलं एखादं बियाणं कळतं, त्याने येत्या शुक्रवारी ते एकदा उघडून पाहावं.